हिरवी खूण

एकदा एक मुलगी नोकरी मिळाली म्हणून घाबरली.

नोकरी मिळत नाही म्हणून घाबरलेली माणसे आपण रोज पाहतो आणि त्यांच्याविषयी हळहळतोही. पण मिळाल्यानंतर जी भीती सुरू होते, तिच्याविषयी कुणी बोलत नाही, कारण तोवर पेढे वाटून झालेले असतात. पेढे वाटल्यानंतर 'मला भीती वाटते' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

या मुलीचे नाव प्रणाली. तालुक्याच्या गावची, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, आणि पुढे एका क्लासमध्ये कॉम्प्युटर व नेटवर्किंगचा कोर्स केलेली. त्या क्लासमध्ये सर्व्हर एकच होता आणि तो काचेच्या कपाटात असे. विद्यार्थ्यांनी त्याचे दर्शन घेतले होते. हात लावला होता तो फक्त खंडेनवमीच्या पूजेला, हळदकुंकू वाहण्यापुरता. एवढ्या भांडवलावर ती मुलाखती देत हिंडली आणि जाईल तिथे तिला एकच प्रश्न ऐकू आला, अनुभव किती. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या रहाटगाडग्यात बिचारीचे पाऊण वर्ष गेले.

मग ती सबनीस सरांकडे गेली. हे सत्तरीच्या घरातले गृहस्थ. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेले. निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या गावी त्यांनी एक छोटी कंपनी काढली होती, आणि तिच्याकडे गावातल्या रुग्णालयांचे, शाळांचे कॉम्प्युटर सांभाळण्याचे काम असे. माणूस मितभाषी, पण त्या धंद्यात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. पुण्यातल्या कंपन्यांतली माणसेही अडली की त्यांना फोन करीत. त्यांनी प्रणालीला अनुभव विचारलाच नाही. घरी कोण कोण असते हे विचारले, आणि सोमवारपासून ये म्हणाले.

वास्तविक आनंदाने उडी मारावी असा क्षण. पण प्रणालीने मनाशी ठरवूनच टाकले की या वृद्ध गृहस्थांची काहीतरी गफलत झाली आहे, आणि ती त्यांच्या लक्षात येईपर्यंतच आपली नोकरी. सहा महिने उमेदवारीचे होते. तेवढ्यात एकटीने काम उरकता आले तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी जाणे सोपे नव्हते. तिच्या आईने 'आमची मुलगी आयटीत लागली' असे अख्ख्या आळीला सांगितले होते. नाही जमले तर मावशीच्या ब्लाउजपीसच्या दुकानात बसायचे, हे वडिलांनी प्रेमानेच सुचवून ठेवले होते. त्या प्रेमाने तिला जास्त भीती वाटे.

आता या भीतीचे रूप पाहा. ऑफिसातल्या फोनवर कुणी म्हणाले, 'आमचा सर्व्हर दिसत नाही,' तर ती म्हणे, 'बघते हं,' आणि नक्की काय बघायचे ते तिला ठाऊक नसे. सहकाऱ्यांनी एखादा शब्द वापरला आणि तो कळला नाही, तर ती मान डोलावी, मग स्वच्छतागृहात जाऊन मोबाइलवर त्याचा अर्थ शोधी. दिवसातून इतक्या वेळा ती तिकडे जाई की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तिला काळजीने धन्याजिऱ्याचे पाणी प्यायला सांगितले. सर्व्हरची खोली टाळण्यासाठी ती जेवणाचा डबा घेऊन लांबच्या जिन्याने खाली उतरे. न जाणो, आत कुणी असायचे आणि म्हणायचे, जरा हे करून दे.

आणि प्रत्येक प्रश्नाला तिचे एकच उत्तर, 'हो.' समजले का? हो. पाहिलेस का? हो. येईल ना? हो. आपली एक म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रणालीने ती म्हण घट्ट धरून ठेवली होती. ती म्हण खोटी आहे असे मी म्हणत नाही. मात्र जिथे दुसऱ्याचा जीव आपल्या मुठीत असतो, तिथे ती लागू पडत नाही, एवढे कुणीतरी तिला सांगायला हवे होते.

सबनीस सरांच्या कंपनीत एक रीत होती. बाहेरच्या माणसांना ती विचित्र वाटे. एखाद्याच्या चालू यंत्रावर काम करताना, माघारी फिरता येणार नाही अशी कळ दाबण्याआधी, हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचे आणि तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या. हे यंत्र कोणते. आता काय होणार. बिघडले तर परत कसे यायचे. मगच कळ दाबायची. एखाद्या शाळेच्या कार्यालयात चांगला बाप्या माणूस मांडीवर हात ठेवून कॉम्प्युटरशी बोलू लागला की तिथले कारकून गालातल्या गालात हसत. सर मात्र या बाबतीत कुणाचे ऐकत नसत.

प्रणालीने ती रीत झटपट उचलली. पाठांतर तिचे पहिल्यापासून चांगले. आरती म्हणताना जसे तोंड पुढे चालत राहते आणि मन गॅसवरच्या दुधापाशी असते, तशी ती ती तीन वाक्ये म्हणे. तिसऱ्या वाक्याचे उत्तर तर ठरलेलेच असे, 'बॅकअप आहे.' बॅकअप म्हणजे सर्व्हरमधल्या सगळ्या माहितीची दुसऱ्या डिस्कवर रोज घेतली जाणारी प्रत. सर्व्हर मेला तरी ती प्रत जिवंत राहते. म्हणून या धंद्यातली माणसे देवाखालोखाल तिचे नाव घेतात.

तिला दिलेले पहिले स्वतंत्र काम याच बॅकअपचे होते. गावात नवजात बालकांचे एक लहान रुग्णालय होते. वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढी बाळे तिथे काचेच्या पेटीत ठेवलेली असत. कोणत्या बाळाचे वजन किती, कोणते औषध किती थेंब, कोणते औषध सोसले नाही, हे सगळे तिथल्या सर्व्हरमध्ये असे. त्या सर्व्हरचा बॅकअप रोज होतो की नाही, हे प्रणालीने ऑफिसात बसून सकाळी पाहायचे. पडद्यावर एक हिरवी खूण येई. ती दिसली की सांगायचे, झाला.

ती रोज सांगे, झाला.

पण काही दिवसांनी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. खुणेच्या शेजारी त्या प्रतीचा आकार दाखवणारा एक आकडा असे. तो पूर्वी रोज थोडा वाढायचा, आणि आता वाढेनासा झाला होता. रुग्णालयात बाळे तर रोज नवी येत होती. मग आकडा तिथल्या तिथे का? तिच्या मनात पाल चुकचुकली. विचारावे का? शेजारी बसणाऱ्याला विचारले तर तो म्हणेल, एवढेही माहीत नाही? सरांना विचारले तर त्यांना त्यांची गफलत कळेल. आणि खूण तर हिरवी होती. हिरवे म्हणजे चांगले, हे सिग्नलवर उभ्या असलेल्या पोरालाही कळते. तिने आकड्याकडे बघणे सोडून दिले.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिला भीती वाटली होती आणि ती अगदी योग्य जागी वाटली होती. पण तिला फोनची, जिन्याची, शब्दांची, सगळ्याचीच भीती वाटत असे. रोज उठून ओरडणाऱ्या माणसाने खरोखर चोर आल्यावर ओरडा केला तरी घरातले कूस बदलून झोपतात. तिच्या भीतीचे तिच्याच घरात तसे झाले होते.

अशात एके दिवशी सरांनी तिला सांगितले की बालरुग्णालयाचा सर्व्हर फार जुना झाला आहे. येत्या रविवारी दुपारी तो पूर्ण पुसायचा, त्यावर नवी यंत्रणा चढवायची आणि बॅकअपमधली माहिती परत आणायची. हे काम तू करायचेस. मी बरोबर येईन, मागे खुर्चीवर बसेन.

प्रणाली म्हणाली, हो.

ती राहत असे त्या वसतिगृहातल्या मैत्रिणीला एवढेच म्हणाली की आजारी पडता आले तर बरे होईल. पण आजारपणही वेळेवर येत नाही. रविवारी दुपारी ती सरांच्या मागे रुग्णालयाचा जिना चढली. बाळांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती, तिथे सर्व्हर. मध्ये काच. काचेपलीकडे पेट्यांची रांग, आणि एका पेटीत एक बाळ आपला सुपारीएवढा पंजा उघडत होते, मिटत होते. प्रणालीने त्याच्याकडे पाठ केली.

तिथल्या मुख्य परिचारिका एस्तेर सिस्टर, वयाने पन्नाशीच्या, बोलायला करड्या. त्यांनी सांगितले की आजच्या दिवसाची औषधे आम्ही कागदावर उतरवून ठेवली आहेत, पण मागचे सगळे मशिनमध्येच आहे. खिडकीकडच्या बाळाला परवा कोणते इंजेक्शन सोसले नाही तेही त्यातच. तेवढे सांभाळून करा.

प्रणाली खुर्चीवर बसली. मागे सर बसले. तिने तयारी केली, पडद्यावर प्रश्न आला, सगळे पुसायचे का. एक एंटर दाबला की पुसायला सुरुवात. तिने हात मांडीवर ठेवले.

"हे यंत्र बालरुग्णालयाचा सर्व्हर," ती म्हणाली. "आता हे पूर्ण पुसलं जाणार. बिघडलं तर बॅकअप आहे."

मागून शांतपणे प्रश्न आला, "बॅकअप पाहिलास?"

"हो."

"उघडून?"

"हो."

ती दोन्ही उत्तरे इतकी चटकन आली की त्यांचीच तिला भीती वाटली. तिने बॅकअप कधीच उघडला नव्हता, हिरवी खूण पाहिली होती. न वाढणारा आकडा डोळ्यांसमोर आला. सांगावे का? आत्ता, इथे, सिस्टरांसमोर? काचेपलीकडे ती बाळे, मागे सर, गावी आई. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच तिने केले. जे व्हायचे ते एकदाचे होऊन जाऊ दे, म्हणून उजवा हात उचलून एंटरवर नेला.

तेवढ्यात सरांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते उठले, तिच्या बाजूने पुढे आले, पण तिच्याशी काही बोलले नाहीत, तिचा हातही धरला नाही. दारात उभ्या असलेल्या एस्तेर सिस्टरांसमोर ते जाऊन उभे राहिले आणि स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, मला भीती वाटते आहे. बॅकअपमध्ये काय आहे ते मी स्वतः पाहिलेलं नाही. हे काम आज होणार नाही."

प्रणालीचा हात हवेतच राहिला. जे शब्द तोंडातून बाहेर पडू नयेत म्हणून तिने इतके दिवस जीव मुठीत धरून काढले होते, तेच शब्द गावातला या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस एका परिचारिकेसमोर उभा राहून बोलत होता. तेही चेहऱ्यावर कसलीच लाज न आणता. तिला वाटले आता सिस्टर हसतील, किंवा फाडकन काहीतरी बोलतील.

सिस्टर म्हणाल्या, बरे झाले सांगितलेत, बॅकअपचा भरवसा नसेल तर उद्याचे चार्टसुद्धा आम्ही कागदावर करून ठेवतो. आणि त्या वळून आत गेल्या. एवढेच. आभाळ कोसळले नाही.

सरांनी मग प्रणालीला ऑफिसात नेले आणि बॅकअपची डिस्क उघडायला सांगितली. उघडताना तिचे बोट दोनदा चुकीच्या जागी पडले. आत जुनी माहिती होती. अलीकडची काहीच नव्हती. डिस्क केव्हाच काठोकाठ भरली होती. बॅकअपचे काम रोज वेळेवर सुरू होई आणि वेळेवर संपे, म्हणून खूण हिरवी. पण आत एक अक्षरही लिहिले जात नव्हते. काचेपलीकडच्या त्या रांगेतले एकही बाळ त्या डिस्कमध्ये नव्हते. खिडकीकडच्या बाळाचे ते इंजेक्शन नव्हते. एंटर दाबला गेला असता, तर जगात ते कुठेच उरले नसते.

ती रडली नाही. रडण्याएवढेही बळ तिच्यात उरले नव्हते. ती हळूच म्हणाली, "सर, मी खोटं बोलले. मी उघडून पाहिलं नव्हतं. आकडा वाढत नाही हे मला दिसत होतं. विचारायची भीती वाटली." मग तिने गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले.

सरांनी ते उचलले नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो या मुलीने तेव्हा प्रथमच पाहिला.

"तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याने मला शिकवायला नाटक केलं," ते म्हणाले. "नाटक नव्हतं ते. मला खरंच भीती वाटली. तू तिसरं वाक्य पाठ केल्यासारखं म्हणालीस, आणि माझ्या पायाखाली काहीतरी हललं. तुला पुन्हा विचारलं असतं तर तू पुन्हा हो म्हणाली असतीस. घाबरलेल्या माणसाकडून खरं काढून घेता येत नाही. म्हणून मी माझ्याजवळचं खरं सांगितलं."

ते पुढे म्हणाले, "तू वाट बघते आहेस की अनुभव आला की भीती जाईल. नाही जात, बाळ. माझी अजून गेलेली नाही, आणि गेली तर त्या दिवशी मी हे दुकान बंद करीन. फरक एवढाच की तू सगळ्याला भितेस, आणि सगळ्याची भीती कुणाला सांगता येत नाही, सांगितली तरी ऐकणाऱ्याला काही करता येत नाही. मी एका गोष्टीला भ्यालो. एकच होती म्हणून ती सिस्टरांना एका वाक्यात सांगता आली, आणि त्यांनी कागद काढले. भीती झाकून ठेवली की ती आपल्यालाच खाते. वेळेवर सांगितली की तिचं काम होतं. त्या वेळेवर सांगण्यालाच मी अनुभव म्हणतो. बाकीचं यंत्राच्या पुस्तकात मिळतं."

मग त्यांनी ओळखपत्र तिच्यापुढे सरकवले. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "तू रोज हो म्हणत होतीस आणि मी रोज मानत होतो. गुरुवारी पुन्हा जायचं आहे. काम तूच करायचं आहेस."

हे वाचून तुम्हाला वाटेल की आता मुलीची भीती पळाली, तिच्यात दहा हत्तींचे बळ आले. तसे झाले नाही. उलट आता ती अधिक घाबरली. पूर्वी तिला आपली फजिती होईल याची भीती होती. आता तिला काचेपलीकडच्या बाळांना काही होईल याची भीती वाटू लागली. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावे, तसे ती प्रत्येक हिरवी खूण उघडून आत काय आहे ते पाहू लागली. नवी मोठी डिस्क लावली. बॅकअप घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सहकाऱ्याला तिने विचारले की हा अमुक शब्द मला समजला नाही, सांगशील का. त्याने सांगितले, आणि मग जरा घुटमळत म्हणाला की मलाही तो गेल्या वर्षीच कळला.

गुरुवारी दुपारी पुन्हा ती अरुंद खोली. काचेपलीकडच्या रांगेत एक पेटी वाढली होती. या वेळी रुग्णालयाच्या मालक डॉक्टरही आल्या होत्या. रविवारचे काम पुढे गेल्याने त्या वैतागल्या होत्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे सारख्या पाहत होत्या. एस्तेर सिस्टर दारात. सर मागच्या खुर्चीवर.

पडद्यावर तोच प्रश्न आला. प्रणालीने हात मांडीवर ठेवले.

"हे यंत्र बालरुग्णालयाचा सर्व्हर. आता हे पूर्ण पुसलं जाणार." ती थांबली. "बिघडलं तर बॅकअप आहे. तो मी सकाळी दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिला. आतल्या बाळांचे चार्ट वाचले." आणि ती पुन्हा थांबली.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले.

प्रणाली खुर्चीवरून उठली, सिस्टरांकडे वळली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की सिस्टरांना एक पाऊल पुढे यावे लागले. "सिस्टर, मला भीती वाटते आहे. आज दुपारी एक बाळ नवीन आलं ना? ते सकाळच्या बॅकअपमध्ये नसणार. पुन्हा बॅकअप घेतल्याशिवाय मी हे पुसणार नाही. थोडा वेळ लागेल."

डॉक्टरांचा संयम संपला. त्या सरांकडे वळून म्हणाल्या, "सबनीस, या मुलीला अनुभव तरी किती आहे?"

सर खुर्चीतून उठले. "रविवारपासूनचा आहे," ते म्हणाले.

डॉक्टरांना काही बोध झाला नाही. सिस्टरांना मात्र झाला असावा. त्यांनी काही न बोलता कोपऱ्यातले एक स्टूल ओढून प्रणालीच्या शेजारी ठेवले, त्यावर स्वतः बसल्या, आणि नवा बॅकअप पूर्ण झाल्यावर दुपारी आलेल्या बाळाचे वजन आणि औषधे कागदावरून वाचून दाखवू लागल्या. प्रणाली तो बॅकअप उघडून पडद्यावर एकेक ओळ त्या कागदाशी ताडून पाहत होती. आपल्या भीतीच्या शेजारी आज कुणीतरी बसले आहे, हे तिला कळत होते. सगळी पाने जुळली तेव्हा तिने हात पुन्हा मांडीवर ठेवले, तीन वाक्ये पुन्हा पहिल्यापासून म्हटली, आणि एंटर दाबला.

ज्यांच्या घरी नुकतेच पेढे वाटले गेले आहेत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात एकदा तरी कुणाला तरी म्हणून पाहावे, 'हे मला समजलेलं नाही.'